नरसूबाबाने राखलेला घाव

१

धसईच्या शाळेत खिचडीची पातेली घासून पालथी घातली की भिमीचा दिवस संपायचा. घड्याळात दोनच वाजलेले असायचे, पण पुढच्या वेळाचं करायचं काय हे तिला भाद्रपदापासून कळेनासं झालं होतं. अर्ध्या तासात चालत वाडीवर यायची, कुलूप काढायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि मागच्या पडवीत बसून राहायची. एकटीच्या घरात काम तरी किती निघणार? एक ताट, एक वाटी. भांड्याला भांडं लागायचं म्हटलं तरी दुसरं भांडं लागतंच की.

भाद्रपदात तिचा आजा गेला. नाव नरसप्पा, पण वाडीच्या जिभेला ते कधी झेपलं नाही, म्हणून सगळ्यांचा तो नरसूबाबा. पाथरवट माणूस. जाती, पाटे, वरवंटे घडवायचा, आणि जुने गुळगुळीत झाले की छिन्नीने टोचून त्यांना पुन्हा खरखरीत करायचा. टाकी लावणं म्हणतात त्याला. भिमीला आईबाप आठवतच नव्हते, ते इतक्या लवकर गेले. लग्नाच्या वयात स्थळं आली, चहा पिऊन गेली, "परमुलखातल्या पाथरवटाची पोर" म्हणून पुन्हा फिरकली नाहीत. चाळिशी उजाडली तशी तिनेही तो विषय चुलीत घातला. या सगळ्यात आजा तेवढा जागेवर होता. ती उंबऱ्यात आली की आतून विचारायचा, "तिन्नावा, बिड्डा?" म्हणजे, जेवलीस का पोरी. साठ वर्षांत त्याची तेलुगू सगळी वाहून गेली, हा एवढा प्रश्न काय तो उरला. शाळेतून जेवून आले म्हटलं तरी पठ्ठ्या अर्धी भाकरी झाकून ठेवायचाच.

आता विचारणारी एकच होती, दोन घरं सोडून राहणारी मीना. भिमीच्याच वयाची, तोंडाने फटकळ. रोज दिवेलागणीला कुंपणावरून ओरडायची, "भिमे, ये गो जेवाया, वाढलंय!" आणि भिमी रोज म्हणायची, "झालं माझं." बहुतेक वेळा ते खोटं असायचं. दुःखात माणूस आडमुठं होतं, आणि ही तर दगडाच्या घरात वाढलेली.

तर मार्गशीर्षातली एक दुपार. भात झोडून झालं होतं, पेंढा रचला होता, परसं सुकून खणखणीत झाली होती. भिमी म्हाताऱ्या कमळाबाईच्या परसामागून घरी येत होती आणि तिला पाटा दिसला. पेरूच्या झाडाखाली कमळाबाईचा जुना पाटा, ओलाचिंब. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या घरात दोन वर्षांपासून मिक्सर होता. पाट्यावर कोंबड्या बसायच्या. आणि पाणी सांडलेलं नव्हतं, ते लावलेलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं, तळहाताने फिरवून. भोवतालची माती कोरडी ठाक, एक थेंब नाही.

सुनेने धुतला असेल, असं म्हणून भिमी पुढे गेली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सबंध रस्ता उजवा तळहात पदराला पुसत आलोय.

२

नरसप्पा इथला नव्हता, हे एव्हाना कळलंच असेल. तेलंगणातल्या पालमूरकडचा. घाटाच्या रस्त्याला खडी फोडायला टोळ्या आल्या, त्यात विशीतला हाही आला. इथे तापाने फणफणला. टोळीला पुढच्या कामावर जायचं होतं. मुकादमाने त्याला मोहाच्या झाडाखाली ठेवलं, उशाशी त्याची हत्यारांची पिशवी ठेवली आणि टोळी निघून गेली. त्या वेळी कमळाबाई वाडीत नवी नवरी होती. पाणी आणायला गेली तर झाडाखाली कण्हणारं माणूस. सासूला न विचारता तिने घरातली पेज नेऊन त्याला पाजली. सासूने तिला झोडपलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पेज घेऊन गेली. अशी ही वाडी.

बरा झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते कमळाबाईच्या पाट्याचं. मग कुठे जायचं होतं त्याला? राहिला. दरवर्षी सुगी संपली की याच पाट्यापासून फेरी सुरू करायचा. बाजाराच्या दिवशी एक घर, पुढच्या बाजाराला पुढचं घर. बाजाराला वाडी रिकामी असते, दगड फोडल्याचा आवाज कुणाला टोचत नाही, हा त्याचा हिशेब. भिमी सात वर्षांची झाली तशी पिशवी धरून मागून जायला लागली. पोरीच्या हातात छिन्नी दिली म्हणून लोक हसले. तो म्हणाला, "दगडाला काय कळतं, मारणारा लुगड्यातला की धोतरातला?"

त्याची शिकवण म्हणजे पोथी नव्हती, दोन-चार गोष्टी होत्या. ज्या घरात चूल थंड दिसेल तिथे आपल्या पिशवीतले तांदूळ गुपचूप सुपात सोडायचे, आणि त्याबद्दल घरी येऊनही बोलायचं नाही. पाट्याला आदल्या दिवशी पाणी पाजायचं, तळहाताने, कडेपासून कडेपर्यंत, कारण तहानलेल्याला मारू नये. आणि एक घाव राखायचा. सगळ्या पाट्यावर टाकी लावली तरी डाव्या अंगाच्या खालच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी जागा गुळगुळीत सोडायची. वाडीतल्या बाया त्याला नरसूबाबाची सही म्हणायच्या.

"का रं सोडतंस आजा?" भिमीने लहानपणी विचारलं होतं.

"काम पुरं केलं का येनं संपलं. बाकी असली का परत यायला तोंड ऱ्हातं."

"मग पुरं कदी करायचं?"

"मेलेल्याच्या दगडाला," तो म्हणाला आणि मिशीत हसला. "त्याला परत कशाला आणायचा? त्याला झोपू द्यायचं."

३

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वाडी धसईला गेलेली. भिमी शाळेतून येऊन पडवीत बसली होती. तीनचा सुमार असेल. आणि तिला ऐकू आलं.

टक.

एकदाच. काळ्या पाषाणावर छिन्नी बसते तेव्हा एक आखूड, बंद आवाज येतो. घंटेसारखा तो घुमत नाही, लाकडासारखा फुटतही नाही. बाकीच्या जगाला तो कुठलाही आवाज वाटेल, पण भिमी त्या आवाजात वाढली होती. हात धरणाऱ्याची सवयसुद्धा तिला त्यातून कळायची. आजा मारताना हातोडी शेवटच्या क्षणी किंचित मागे ओढायचा, दगडाला दुखू नये म्हणावं तशी. हा घाव तसाच होता.

ती उठली नाही. खरं सांगायचं तर ती हलली नाही, कारण हलल्यावर तो आवाज खोटा ठरेल याची तिला धास्ती वाटली. कावळा कौलावर काहीतरी टाकतो, सुकलेली शेंग फुटते, हजार गोष्टी असतात. शेवटी न राहवून ती कमळाबाईच्या परसात गेली. म्हातारी खाटेवर उन्हात पडली होती, एकटीच. नजर अधू, पण कान शाबूत.

"कोण आल्तं गो आत्या?"

"कोण येनार? समदी बाजाराला गेलीत." म्हातारीने कूस बदलली. "मला मगाशी कुनी इचारलं, जेवलीस का. तूच ना?"

भिमी पेरूखाली गेली. तिने पाटा पाहिला. वाळला होता. डाव्या कोपऱ्यात, जिथे साठ वर्षं गुळगुळीत जागा होती, तिथे पांढरा ठिपका होता. काळ्या दगडावर ताजा घाव नेहमी पांढरा दिसतो, मग तेलाने, मिठाने, वर्षांनी काळवंडतो. हा तांदळासारखा पांढरा होता. शेजारी चिमूटभर दगडाचं पीठ पडलेलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे कमळाबाई गेली. ऐंशीच्या घरातली बाई, झोपेत गेली, सोनं झालं असंच सगळे म्हणाले. भिमीही म्हणाली. ऐंशीच्या माणसाच्या मरणाला कारण शोधायला कशाला हवं?

४

पण त्या दिवसापासून भिमीला एक खोड लागली. शाळेतून आली की कुलूप काढायच्या आधी घराला वळसा घालून ती आपला पाटा बघायची. रोज कोरडा. हात फिरवून बघायची, कोरडा. आजाने सगळ्यांत चांगला दगड स्वतःच्या घरच्या पाट्याला लावला होता, आणि त्याच्याकडेच तो बघत नव्हता. मग ती आत जाऊन बसायची आणि तिला रडू यायचं. इथवर आलास, कमळाबाईला जेवलीस का विचारलंस, आणि मी इथे आहे ना रे, मी? माझ्याकडे का नाय येत? असं ती मोठ्याने म्हणायची, रिकाम्या घरात, भरदुपारी. मग तिलाच आठवायचं की फेरीत आपलं घर नेहमी शेवटी असायचं. लोकांचं आधी, आपलं मागाहून, ही त्याचीच रीत. म्हणजे वाट बघायला हवी. त्या विचाराने तिला चार घास गोड लागले, याची लाज वाटून घ्यावी हे तिला सुचलं नाही.

फेरीतलं दुसरं घर लडकूचं. पंचावन्नचा गडी, भाताचं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी भिमी मुद्दाम त्याच्या परसावरून गेली. गोठ्याजवळचा पाटा ओला होता. सारखा, कडेपासून कडेपर्यंत.

तिने कुणाला सांगितलं? नाही सांगितलं. सांगून काय सांगणार, असं तिने मनाला समजावलं, आणि ते खरंही होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या बाईंना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, लवकर घरी आली, धुतलेलं लुगडं नेसली आणि पडवीत कान देऊन बसली. लग्नघरी वऱ्हाडाची वाट बघावी तशी. तीनच्या सुमाराला आवाज आला. टक. तिने डोळे मिटले. इतकं बरं तिला भाद्रपदापासून वाटलं नव्हतं.

लडकू तिसऱ्या दिवशी खळ्यावर पेंढ्याला टेकून बसलेला सापडला, हातात तंबाखूची डबी. हृदय बंद पडलं, असं मुरबाडहून आलेल्या डॉक्टरने सांगितलं. त्याची बायको अंगणात डोकं आपटून रडत होती आणि भिमी कोपऱ्यात उभी राहून तिच्या रिकाम्या कपाळाकडे बघत होती. तेव्हा कुठे तिला उमगलं. आपल्याला माहीत होतं. आपण धुतलेलं लुगडं नेसून बसलो होतो.

आणि त्याहून आतली एक गोष्ट होती, ती तिने आजवर स्वतःलाही सांगितली नव्हती. आजाच्या लोकांत पुरतात. वाडीने त्याला मोहाच्या झाडाखालची जागा दिली, जिथे मुकादमाने त्याला टाकलं होतं तीच. थडग्याचा दगड आजाने आधीच निवडून ठेवला होता. दिवस घातले तोवर भिमीने त्याला रोज टाकी लावली, हाताला फोड येईस्तोवर. शेवटी डाव्या कोपऱ्यात नखाएवढी जागा उरली. छिन्नी टेकवली, हातोडी उचलली, आणि खाली घेतली. कुणी विचारलं असतं तर सवय आहे म्हणाली असती. कुणी विचारलंच नाही. पण ती सवय नव्हती. तिला तो परत यायला हवा होता.

५

तिसरं घर मीनाचं.

आठवडाभर भिमी मनाशी भांडत राहिली. म्हातारी म्हातारी होती. लडकू तंबाखूचा बकाणा भरायचा, त्याचा बापही असाच गेला होता. पांढरा ठिपका म्हणजे कुणीतरी पोराने दगड आपटला असेल. मेलेली माणसं फेऱ्या मारत नाहीत, शाळेत काम करणाऱ्या बाईने असलं काही मनात आणू नये. दिवसा हे सगळं पटायचं. मग मीनाची हाक यायची, "भिमे, जेवाया ये गो," आणि सगळं ढासळायचं.

बाजाराच्या आदल्या दिवशी ती मीनाकडे गेली, तेही न बोलावता. मीना भाकऱ्या थापत होती. तिने वर बघितलं आणि हात थांबवला.

"अगो बाई! आज सूर्य कुटं उगवला? बस बस. वाढू का?"

"मीने, तुजा पाटा कुटं हाय?"

"परसात. मिरच्या वाळत घातल्यात त्याच्यावर. का गो, टाकी लावाया आलीस? आजाची फेरी आता तू करनार?"

भिमी मागच्या दाराने परसात गेली. मिरच्यांची सुपली कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती, एकही मिरची न सांडता. पाटा ओला होता. ती खाली बसली आणि तळहात पुढे केला, पण दगडाला लावला नाही. ओल्या थरात बोटांचे फराटे दिसत होते, पाच, आणि करंगळीचा फराटा तुटक होता. आजाची करंगळी वाकडी होती, लहानपणी दगडाखाली चेमटलेली.

"हे पानी तू लावलंस?"

"मी कशाला लावू? वाळायच्या मिरच्यांखाली पानी कोन लावतं? येडी का काय तू?" मीना दारात येऊन उभी राहिली. मग तिचा आवाज मऊ झाला. "भिमे, काय झालंय तुला? नीट जेवत नायस, नीट झोपत नायस. माज्याकडं येऊन ऱ्हा ना गो चार दिवस. मला काय, दोन घास जास्ती शिजवाया जड हायत?"

भिमीने पाटा उचलायला बघितला. मीनाच्या लग्नात आजाने दिलेला, जमिनीत बसवलेला, जागचा हलेना. फोडावा का? पाथरवटाच्या नातीच्या हातून ते होणार नव्हतं, आणि झालं तरी पुढच्या घरी दीपिका होती, सातव्या महिन्यातली पोटुशी. एक पाटा फोडून फेरी थांबत नाही. फेरी जिथून सुटली तिथेच ती थांबवायला हवी, एवढं तिला उमगलं.

"मीने, उद्या बाजाराला जाशील ना?"

"नाय बाई, पापड घालायचेत. का?"

"जा. माज्यासाटी जा."

"तुज्यासाटी मी तुला जेवाया घालीन," मीना म्हणाली. "बाजाराला नाय जायची."

दिवस मावळायच्या आत भिमी कळशी घेऊन मोहाखाली गेली. आजाच्या दगडाला पाणी लावलं, तळहाताने, कडेपासून कडेपर्यंत. हात कोपऱ्याशी आला तेव्हा ती गुळगुळीत जागा बोटाखाली सापडली. दगड उन्हाने तापलेला असायला हवा होता. तो गार होता, आतपर्यंत.

६

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेलीच नाही. सकाळपासून हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. जायला लवकरही जमलं असतं. पण प्रत्येक वेळी उठली की मनात यायचं, अजून थोडा वेळ. शेवटचा दिवस आहे, मग तो कुठेच नसेल. असं करता करता अडीच वाजले आणि तिचं तिलाच भान आलं. ती धावत निघाली.

मोहाकडची वाट मीनाच्या परसामागून जाते. परसाला करवंदीचं कुंपण, आत पेंढ्याची उडवी. भिमीने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाय मंद झाले आणि मान वळली.

उडवीच्या कडेला दोन टाचा दिसल्या.

कुणीतरी उकिडवं बसलं होतं, पाट्यासमोर, तिच्याकडे पाठ करून. बाकी सगळं पेंढ्याआड. टाचा तेवढ्या बाहेर, भेगाळलेल्या, दगडाच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या. त्या भेगांत तिने किती वेळा खोबरेल भरलं होतं. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती, कारण गुडघा धरायचा. सगळं तसंच होतं. टाचा जराशा हलल्या. बैठक नीट करून घेतल्यासारख्या.

घरातून मीनाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. पापडाचं पीठ कुटत असावी.

कुंपणाला खिंडार होतं. दहा पावलं. दहा पावलं टाकली की ती त्याच्या शेजारी जाऊन बसली असती, पिशवी धरून, सात वर्षांची असताना बसायची तशी. त्याने मान वळवली असती. विचारलं असतं. तिच्या घशातून आवाज बाहेर पडला, "आजा," इतका बारीक की तिलाही नीट ऐकू आला नाही.

टाचा थांबल्या.

पेंढ्याआडचं माणूस वळायला लागलं. सावकाश. आधी पेंढा सरकल्याचा आवाज, मग खांद्याची कड. आणि ती कड बघून भिमीला कळलं की पुढचं आपण बघायचं नाही. का, ते तिने पुढेही कुणाला धड सांगितलं नाही. खांदा होता, एवढंच ती म्हणायची, पण चार महिने मातीत राहिलेल्या माणसाला खांदा कसा असेल?

ती पळाली. चाळिशीची बाई बांधावरून पळत सुटली, पदर करवंदीला अडकून फाटला, चप्पल एक कुठेतरी राहिली. मोहाखाली येऊन ती दगडासमोर गुडघ्यांवर पडली. छिन्नी काढली. कोपऱ्यातल्या जागेवर टेकवली. टोक जागेवर ठरेना. तिने ते परत आणलं, परत सुटलं.

"आजा, माफ कर," ती म्हणाली. आता ती मोठ्याने रडत होती. "मीच तुला बोलावला. चुकले मी. मला कुणी नव्हतं रे. पण मीना जिती हाय, मला तिला ठेवायचीय."

तिने हातोडी मारली. मागे न ओढता, पूर्ण.

७

वाडीकडून आवाज आला नाही. ती कान देऊन वाट बघत राहिली. तीन वाजून गेले असावेत, सावली सरकून तिच्या पायावरून पुढे गेली. काही आलं नाही. दगडाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका होता आणि भोवती सगळं शांत. तिने डोळे पुसले, हत्यारं पिशवीत घातली आणि दगडावर हात टेकून उठायला गेली.

तळहाताखाली काहीतरी लागलं.

ऐकू आलं नाही, नुसतं लागलं. खालून. एक ठोका, हलकासा. तिला वाटलं आपलीच नाडी असेल. मग दुसरा आला. दुसऱ्याच्या घरी दार लोटलेलं असावं आणि आत कुणी आहे की नाही ते कळू नये, तेव्हा माणूस बोटाच्या पेराने जसं वाजवतं, तसं. थांबून थांबून. रागाने नाही. जोराने नाही. त्याने जोराने मारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

ती बसून राहिली. हात तसाच. पिशवीत हातोडी होती. एकदा उलट वाजवलं तर? नुसतं कळवायचं, मी इथे आहे म्हणून. एकदाच. तिची बोटं पिशवीच्या तोंडापर्यंत गेली सुद्धा.

"भिमे! अगो भिमे!"

मीना उतार चढून येत होती, धापा टाकत, हातात भिमीची एक चप्पल. जिवंत, घामाने डबडबलेली, चिडलेली.

"ही बांधावर पडलीय, पदर करवंदीत, आन तू हितं! काळीज घशाशी आलं ना माजं." ती येऊन शेजारी टेकली आणि तिने भिमीकडे नीट बघितलं. मग दगडाकडे. "टाकी लावलीस व्हय? बरं केलंस. ते अर्धवट मला बी बघवत नव्हतं."

"तुजा पाटा?" भिमीने विचारलं.

"पाट्याला काय धाड भरलीय? हाय तिथं हाय. आजाची सही हाय तशी हाय. पेंढा तेवढा कुनीतरी इस्कटलाय, कुत्रं आसंल." मीनाने तिचा दंड धरला. "चल. सकाळपासून पोटात काय नाय तुज्या, तोंड बघ कसं झालंय. आज नाय म्हनलीस तर उचलून नेईन."

ठोका आला. भिमीने मीनाच्या तोंडाकडे बघितलं. मीनाचा एक हात दगडाच्या कडेवरच होता. तिला काही कळलेलं दिसलं नाही. पुन्हा ठोका आला, आधीच्यापेक्षा जरा घाईचा.

"येते," भिमी म्हणाली. "तू हो म्होरं."

"मी नाय म्होरं होत. मला ठाऊक हायेस तू. माज्यासंगं चल."

मीनाने दंड ओढला. भिमीचा तळहात दगडावर आणखी थोडा वेळ राहिला. मग तिने तो उचलला, चप्पल पायात घातली आणि मीनाचा हात धरून उतार उतरायला लागली. मीना पापडांचं सांगत होती, पीठ सैल झालं म्हणून. भिमी हूं हूं करत होती. मागे वळून तिने बघितलं नाही, पण आता तिला ते ठोके ऐकूही यायला लागले होते.